जरा जोर लावा!

सरकत्या दारांचे दोन प्रकार असतात. एक मुळीच न लागणारं आणि दुसरं लागता लागता राहणारं. पहिल्याचा फारसा त्रास नाही. ते उघडंच आहे असं धरून माणूस जगतो. आमच्या शिरूरच्या शाखेत असंच एक होतं. नगर रस्त्यावरची धूळ आमच्या लेजरांत जमा व्हायची आणि नावे पडायची आमच्या फुप्फुसांच्या. खरा छळ दुसऱ्या प्रकाराचा, आणि हल्ली तो प्रगती या नावाने ओळखला जातो.

दौंडला माझी बदली झाली तेव्हा तिथल्या शाखेचं नूतनीकरण नुकतंच उरकलं होतं. एसी आला, म्हणून काचेचं सरकतं दार आलं, आणि गारवा दाराखालून पळू नये म्हणून त्या दाराच्या पोटात आपोआप उतरणारी रबरी पट्टी आली. दार चौकटीला भिडलं की कडेचं बटण आत दाबलं जातं आणि पट्टी खाली उतरून फरशीला टेकते. दार उघडलं की स्प्रिंग तिला पुन्हा वर ओढते. कल्पना उत्तम! दौंड पडलं जंक्शनचं गाव. इंजिनांचे भोंगे आणि मे महिन्यातल्या झळा दोन्ही न विचारता आत येतात. फटी बुजवायलाच हव्यात. माझं भांडण पट्टीशी नाही, ‘आपोआप’ या शब्दाशी आहे. अहो, आपोआप म्हणजे काय? पट्टी उतरवणारा कुणीतरी असतोच. तो दाराच्या मुठीला लोंबकळत असतो!

नोव्हेंबर महिन्यात हे ‘कुणीतरी’ म्हणजे रेल्वेचे पेन्शनर. हयातीचा दाखला आता फोनवरूनही देता येतो, पण सगळ्यांना कुठे तो जमतो? ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजी आत येतात आणि रीतसर दार ओढतात. दार सरसर येतं आणि चौकटीपासून बोटभर अंतरावर हटून बसतं. आतून सगळे एका सुरात सांगतात, “आजी, जरा जोर लावा!” ज्यांनी ते दार लावलं त्यांच्याकडे हयातीचा आणखी पुरावा मागूच नये, असं माझं मत आहे. पण ज्यांना लावता आलं नाही, त्यांना काय समजायचं?

यावर आपल्याकडचा उपाय ठरलेला. पाटी. पहिली लागली, ‘दार लावावे’. मग, ‘दार नीट लावावे’. मग, ‘दार जोराने लावावे’. काच तडकल्यावर चौथी आली, ‘दार हळू लावावे’. चार पाट्या झाल्या, पण कारागिराला कुणी बोलावलं नाही.

आता हिशेब मांडतो. बी. कॉम. झालो असलो तरी तरफ शाळेत शिकलो आहे. हीच पट्टी बिजागरीच्या दाराला बसवली तर बटण बिजागरीजवळ येतं. समजा, बटण दाबायला पाच किलोंचा जोर हवा. बटण बिजागरीपासून दोन सेंटीमीटरवर आणि मूठ नव्वदवर असेल, तर हाताला लागतात जेमतेम एकशे दहा ग्रॅम. दार लांबवर फिरतं, तेवढ्यात कर्ज हप्त्याहप्त्याने फिटतं. सरकत्या दाराला तरफच नाही. ते बटणावर सरळ जाऊन आदळतं. कर्ज तेवढंच, पण पाचही किलोंची वसुली एकरकमी आणि तीही शेवटच्या सेंटीमीटरला. कोणता कर्जदार बुडणार नाही?

म्हणजे उपाय एकच, हप्ते पाडून द्या. दाराला लांब दांड्याची मूठ बसवा. ती फिरवली की दाबायचं काम तरफ करील. किंवा रूळाला शेवटी किंचित उतार द्या. ऑपरेशन थिएटरची काही हवाबंद दारं अशीच असतात. शेवटच्या टप्प्यात दार खाली आणि आत सरकतं आणि स्वतःच्या वजनानेच रबर दाबतं. उघडताना घातलेला जोर ठेवीसारखा लावताना परत मिळतो. यात परदेशी काही नाही. विहिरींवर मोटारी येण्याआधी मोट चालायची, तिची धाव उताराचीच असे. बैल उतरताना त्यांचं वजनही मोट ओढायचं. बैलाच्या खांद्याचा विचार करणारे आपण, आजींच्या मनगटाला मात्र पाटी दाखवतो!

आणि हे काहीच जमत नसेल तर निदान बटणाचा स्क्रू पिळा. पट्टीने फरशीला टेकलं की पुरे. तिने फरशीत रुतायचं कारण नाही. रूळातला कचरा काढा, झिजलेली चाकं बदला.

कुणी म्हणेल, मोटर बसवा. मुंबई–सोलापूर वंदे भारत २०२३ पासून दौंडवरून जाते, तिची दारं खरोखर आपोआप लागतात. पण आमच्याकडे वीज गेली की ते दारही “जोर लावा” म्हणायला मोकळं. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी २०१० चे नियम आहेत. सरकतं दार उघडायला सुमारे २२ न्यूटन, म्हणजे सव्वादोन किलोंच्या भाराहून जास्त जोर लागू नये, असं ते सांगतात. लावण्याबद्दल मात्र तेही गप्प. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा असाव्यात म्हणतो. त्या ‘सर्वां’मध्ये दार लावणारेही आले, असं मी धरून चालतो.

नवं दार ताब्यात घेताना कंत्राटदाराने ते धडाधड लावून दाखवलं, तर त्याचं कौतुक करू नका. त्याचे दंड पाहा. मग शाखेतल्या सर्वांत वयस्कर खातेदाराला बोलवा आणि एका हाताने दार लावायला सांगा. लागलं तर बिल द्या. नाही लागलं तर बिलावर शेरा मारा, ‘जरा जोर लावा’.

तोवर आमच्या शाखेत कधी आलात तर दार खुशाल उघडं ठेवा. आतून कुणी ओरडलंच, तर सांगा, पाचव्या पाटीची वाट पाहतोय.