पर्सा सांभाळायला कुणाला ठेवायचं?

कुठल्याही अम्युझमेंट पार्कात जा. मोठ्या पाळण्याखाली, कठड्याला टेकून एक बाई उभी असतेच. खांद्यावर तीन पर्सा, हातात दोघातिघांचे मोबाईल, नवऱ्याचा चष्मा, पोरांच्या चपला, पाण्याची बाटली. मान वर करून ती हात हलवत असते. वय पस्तीस असो की साठ, ‘तू बसतेस का?’ असं तिला कुणी विचारलेलं नसतं. तिकीट मात्र तिचंही पूर्ण काढलेलं असतं, कारण मोठ्या पार्कात सगळ्या राईडचे पैसे दारातच घेतात. म्हणजे ही बाई पैसे भरून हमालकी करते, आणि संध्याकाळी गाडीत बसल्यावर ‘मज्जा आली’ असंही म्हणते.

ही बाई भित्री असते, असं आपण धरून चाललो आहोत. मला ते मान्य नाही. तिला तिथं उभं करणारी कारणं आपण सगळ्यांनी मिळून रचली आहेत आणि त्यातलं एकही कारण तपासून बघितलेलं नाही.

पहिलं कारण म्हणे वय. आमच्या सीमाभागातल्या जुन्या जत्रा ज्यांनी बघितल्यात त्यांना हे कारण सांगूच नये. चार पेट्यांचा लाकडी पाळणा असायचा. ना मोटर, ना इंजिन. दोन गडी हातानं रेटा देऊन तो फिरवायचे, आणि लाकडाची करकर अख्ख्या जत्रेला ऐकू जायची. त्यात पोरांच्या बरोबरीनं आज्ज्या बसायच्या. देवाला नारळ झाला, बांगड्या भरून झाल्या, भत्ता बांधून घेतला की पाळणा हा ठरलेला कार्यक्रम. सुनेच्या शेजारी सासू बसलेली असायची, आणि पेटी वर गेली की दोघी एकदमच ओरडायच्या. ‘आक्का, वय काय तुझं!’ असं कुणी म्हणत नव्हतं. वर्षभर चूल आणि शेत करणाऱ्या बाईला जत्रेचा एक दिवस तिच्या हक्काचा आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

दुसरं कारण साडी. तर त्या आज्ज्या नऊवारीत होत्या, डोक्यावर पदर होता आणि कडेवर पोर होतं. पाळणा हळू फिरायचा, पेटीला कठडा असायचा, म्हणून ते चालत होतं. आता यंत्रं वेगानं फिरतात, त्यात साडी चालत नाही, हे खरं. पण साडी चालत नाही हा साडीचा दोष, की यंत्र घडवताना आपल्याकडची बाई कुणाच्या डोळ्यापुढं नव्हती, हा दोष?

उत्तर शोधायला या यंत्रांचा जुना इतिहास बघावा लागतो. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं. आपल्या जायंट व्हीलचा तो पणजोबा. त्याला छत्तीस डबे होते आणि एकेका डब्यात साठ माणसं मावायची. त्या काळी अमेरिकेतल्या बायका घोट्यापर्यंत झगे घालत, कमर आवळून बांधत, डोक्यावर भल्या मोठ्या टोप्या घालत. अशा बायका या चाकात बसल्या. कारण डबे बंद होते, त्यांना दारं होती, काचेच्या खिडक्या होत्या, आत बसायला खुर्च्या होत्या. ‘झगा बदलून या’ असं कुणी सांगितलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी जे जमलं ते आज जमत नाही, हे मला पटत नाही. सगळ्याच राईड बंद डब्यांच्या करा, असं मी म्हणत नाही. पण दहातल्या दोन तरी साडीवाल्या बाईला बसता येतील अशा असाव्यात की नको? आणि बाकीच्यांसाठी कपडे बदलायला एक नीट, स्वच्छ, कडी लागणारी खोली?

तिसरं कारण सगळ्यात जुनं आणि सगळ्यात ओंगळ. ‘बाईमाणसाला शोभतं का?’ बाई हसली, ओरडली, तिचा पदर उडाला की बघणाऱ्यांना फुकटचा तमाशा मिळतो, ही भीती. ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड म्हणून समुद्रकिनारा आहे. रोलर कोस्टरचा अमेरिकेतला धंदा तिथंच १८८४ साली सुरू झाला. ताशी सहा मैलांची ती गाडी, आजच्या मानानं बैलगाडीच. त्याच कोनी आयलंडवर १८९७ साली जॉर्ज टिल्यू या माणसानं ‘स्टीपलचेस पार्क’ काढलं. रुळांवरून धावणारे लाकडी घोडे ही तिथली मुख्य गंमत. पण घोड्यावरून उतरलं की पुढची वाट एका रंगमंचावरून जायची. तिथं जमिनीतल्या भोकांतून जोराचा वारा सोडून बायकांचे झगे उडवत, आणि समोर बाकांवर बसलेली माणसं पोट धरून हसत. जी नुकतीच राईडमधून उतरली तीच आता दुसऱ्यांची करमणूक. धंद्याचा भागच होता तो.

आणि तरीही कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या गरीब पोरी आठवड्याच्या सुट्टीला, साठवलेली नाणी घेऊन, त्याच कोनी आयलंडला जात राहिल्या. कारण घरच्यांच्या नजरेबाहेर, आपल्या कमाईवर, मोकळ्यानं ओरडायची ती एकच जागा होती. त्या पोरींचं मला कौतुक वाटतं. झगा उडवणारा निर्लज्ज, आणि घरी बसायचं आपण, असा उलटा हिशोब त्यांनी केला नाही.

हा उलटा हिशोब आपल्याकडं अजून चालू आहे, आणि तो जीवावर बेततो. २०१८ साली हरयाणात पिंजोरला गो-कार्ट चालवताना एका बाईचे केस चाकात अडकले आणि ती गेली. २०२० साली हैदराबादजवळ इंजिनिअरिंगला शिकणारी एक मुलगी अगदी तशीच गेली. अशा बातम्यांवर आपल्या बैठकीत काय बोललं जातं? ‘केस मोकळे कशाला सोडायचे?’ ‘ओढणी घेऊन बसायचं असतं का?’ हे बोलणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, म्हणून मला जास्त राग येतो.

गो-कार्टची रचना समजून घ्या. इंजिन सीटच्या मागं किंवा बाजूला असतं. मागचा दांडा चाकांसकट फिरतो, त्याला साखळी असते. बसणाऱ्याची पाठ आणि मान त्या फिरत्या भागाच्या अगदी जवळ येते. वारा लागला की केस मागंच जाणार. हे काही गूढ नाही. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यालाही कळतं, म्हणून तो पट्ट्याभोवती जाळी मारतो. कारखान्यातल्या फिरत्या यंत्राला कुंपण हवं, हे १९४८ च्या कारखाना कायद्यानं घालून दिलं होतं. पगार घेऊन काम करणाऱ्याच्या हातासाठी जाळी, आणि पैसे भरून बसणाऱ्या पोरीच्या केसांसाठी नुसती पाटी? ‘केस बांधा’ ही पाटी हवीच. केस बांधलेत का, हेल्मेट नीट बसलंय का, हे बघून मगच गाडी सोडणारा माणूसही हवा. पण सगळ्यात आधी त्या साखळीवर झाकण हवं. झाकण न बसवणाऱ्याला सोडून गेलेल्या पोरीला बोल लावणं हा अन्याय आहे.

यावर काहीजणी म्हणतील, ‘एवढा धोका आहे तर न गेलेलंच बरं.’ २०१९ च्या जुलैत अहमदाबादला कांकरियाच्या काठावर झोके घेणाऱ्या राईडचा दांडाच तुटला. दोघांचा जीव गेला, पंचवीसहून जास्त जखमी झाले. २०२४ च्या मे महिन्यात राजकोटला गेम झोनला आग लागली, सत्तावीस माणसं जळून गेली, त्यात लहान पोरं होती. हे मी विसरलेले नाही. पण अशा ठिकाणी आपली पोरं जातातच आहेत, आणि आपणच त्यांना पाठवतो. मग खाली पर्सा धरून उभं राहिल्यानं आपण कुणाला वाचवलं? वर बघून हात जोडल्यानं नटबोल्ट घट्ट होत नाहीत.

आपल्या धर्मात हिंसेचा विचार करताना प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर, फार बारकाईनं बोट ठेवलं आहे. मुद्दाम मारणं ही हिंसा हे कुणीही सांगेल. काळजी न घेणं हेसुद्धा त्याच वाटेवरचं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पाणी गाळून घेतो, दिव्याला झाकण ठेवतो, रात्री जेवत नाही, ते याचसाठी. मग बेल्ट न तपासता पाळणा सोडणाऱ्या माणसापुढं आपण गप्प का बसतो? उकिरड्यावरच्या किड्यासाठी दाखवतो तेवढी सावधगिरी तिकिटाच्या खिडकीवर का दाखवत नाही?

म्हणून माझी मागणी दोन्ही बाजूंनी आहे. बसायचं, आणि विचारायचं.

बसायचं म्हणजे झेपेल ते. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचं दुखणं, गरोदरपण असेल तर वेगवान राईडला हात लावायचा नाही, तिथं हट्ट कामाचा नाही. पण ज्यांना असलं काही नाही त्यांनी ‘मला कशाला आता’ हे वाक्य टाकून द्यावं.

आणि विचारायचं काय? आज सकाळी ही राईड रिकामी फिरवून बघितली का? तपासणीचा दाखला कुणाचा, कुठल्या तारखेचा? कमरेचा बार लागलाय का, हे माणूस हातानं ओढून बघतो की नुसती शिट्टी मारतो? आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट कुठाय? सूचना आपल्याला वाचता येतील अशा भाषेत, बेळगावात असेल तर मराठीत आणि कानडीतही, लिहिल्यात का? गावोगावच्या प्रदर्शनात, जिथं महिन्याभरासाठी पाळणा उभा राहतो आणि उतरवला जातो, तिथं तर हे प्रश्न दुप्पट जोरानं विचारावेत. जे रोज जोडतात आणि सोडतात, त्यातच एखादा बोल्ट राहून जातो.

एकटीनं विचारलं तर ‘मावशी, काय होत नाही’ म्हणून उडवून लावतील, हे मला माहीत आहे. पण आपली महिला मंडळं वर्षातून एकदा तरी पन्नासपन्नास जणींची बस काढतात. एका बसचं गिऱ्हाईक कुठलाही मॅनेजर हातचं घालवत नाही. बुकिंगचा फोन करताना जेवणात कांदा-लसूण नको, सूर्यास्ताच्या आत पानं वाढा, हे आपण ठणकावून सांगतो आणि ते मुकाट ऐकतात. त्याच फोनवर तपासणीचा दाखला मागा. कपडे बदलायची खोली मागा. आणि स्वस्तातले, भरपूर लॉकर मागा. पर्सा तिथं राहतील. त्यासाठी घरातली एक बाई बाजूला काढून ठेवायची गरज नाही.