मदतनिसाचा लिबास



आपल्या घरातल्या संगणकावर आणि मोबाइलवर आता एक ना एक ‘मदतनीस’ येऊन बसला आहे. प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, सांगितले की गजर लावतो, अर्जाचा मसुदा करून देतो. त्याला नाव असते, आवाज असतो आणि बऱ्याच ठिकाणी चेहराही असतो. तो चेहरा आपल्या आवडीने बदलता येतो. मुलांना यात फार गंमत वाटते. केस कसे हवेत, कपड्यांचा रंग कोणता, डोळ्यांवर चष्मा हवा की नको, यात त्यांचा अर्धा तास सहज जातो.

या गमतीवर रागावण्याचे कारण नाही. पण आईवडिलांनी एक गोष्ट ओळखून असावे. आपल्या हातात दिलेला असतो तो मदतनिसाचा फक्त लिबास. त्याचा स्वभाव, त्याचे काम आणि तो कोणाची चाकरी करतो हे लिबासाबरोबर बदलत नाही. अडचण अशी की आपला विश्वास मात्र लिबास पाहूनच बसतो.

ही गंमत जुनी आहे. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग आणि ‘वर्ड’ शिकले, त्यांना पडद्याच्या कोपऱ्यात डोळे मिचकावणारी कागदाची पिन आठवत असेल. मायक्रोसॉफ्टने ती ऑफिस ९७ मध्ये आणली. तिचे नाव क्लिपिट. लोक तिला क्लिपी म्हणत. तिच्यावर उजवे बटण दाबले की दुसरे पात्र निवडता येई. त्यात मांजर होते, कुत्रा होता, आइन्स्टाइनसारखा दिसणारा म्हातारा शास्त्रज्ञ होता, शेक्सपिअरसारखा लेखक होता. सजीवाचे चित्र नको असेल तर लाल ठिपका किंवा ऑफिसचे बोधचिन्ह घेता येई.

पण पिन काढून मांजर बसवली तरी सल्ला तोच मिळायचा. पत्राची सुरुवात लिहिली की मदत देऊ का म्हणून विचारणारे मांजरही तेच विचारी, आणि तितक्याच वेळा कामात लुडबुड करी. लोक वैतागले. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये कंपनीने ही पात्रे मुळातच बंद ठेवून दिली आणि २००७ च्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली.

क्लिपीचा त्रास लुडबुडीपुरताच होता. त्याच काळात बॉन्झीबडी नावाचे दुसरे एक पात्र इंटरनेटवर फुकट मिळत असे. आधी ते हिरव्या पोपटाच्या रूपात होते, नंतर जांभळ्या गोरिलाच्या. ते बोलायचे, विनोद सांगायचे, गाणी म्हणायचे. लहान मुलांना आवडेल असेच त्याचे रूप होते. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर कारवाई केली. आरोप असा होता की तिने आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलांची खासगी माहिती गोळा केली. २००४ मध्ये कंपनीला ७५,००० डॉलर दंड भरावा लागला. गोरिला गोड होता आणि मुलांनी त्याला आपला दोस्त मानले होते. माहिती मात्र कंपनीकडे जात होती.

माणूस यंत्राला इतक्या लवकर आपले का मानतो? १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला. त्याला ना चेहरा होता ना आवाज. समोरच्याच्या वाक्यातले शब्द फिरवून तो प्रश्न विचारी. तरीही वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. हा प्रोग्राम कसा तयार झाला हे त्या बाईंनी महिनोन्‌महिने पाहिले होते. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातले क्लिफर्ड नॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. ज्या संगणकावर काम केले त्याच संगणकाने ‘मी कसा वाटलो?’ असे विचारले, तर लोक जास्त चांगले गुण देत. तोच प्रश्न दुसऱ्या संगणकावर आला, तर कमी. म्हणजे माणसे यंत्राचीही भीड धरत होती. नुसत्या अक्षरांचे हे असे, तर आपण स्वतः सजवलेल्या, आपल्याला नावाने हाक मारणाऱ्या चेहऱ्याचे काय होत असेल? बारा वर्षांचे मूल त्याला अब्बूंच्या नोकरीची चिंता सांगेल, घरातले भांडण सांगेल, खालाच्या आजाराचेही सांगेल. या गोष्टी मुलाच्या एकट्याच्या नाहीत. त्या घराची अमानत आहेत.

हे भय कल्पनेतले नाही. २०१७ पासून रेप्लिका नावाचे ॲप आहे. त्यात आपल्या आवडीचा सोबती घडवता येतो. त्याचे केस, कपडे, खोलीतले सामानसुद्धा निवडता येते आणि काही वस्तूंना पैसे पडतात. मुलांचे वय तपासण्याची सोय नाही म्हणून इटलीच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या फेब्रुवारीत त्याला आपल्या देशातील लोकांची माहिती वापरण्यास मनाई केली. २०२५ मध्ये त्याच प्राधिकरणाने त्या कंपनीला ५० लाख युरो दंड केला. आपल्या देशातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. ती संमती म्हणजे आपला अंगठा. न वाचता तो उमटवू नये.

मग चेहरा बदलूच नये का? तसे नाही. पडद्यावरचे चित्र आपल्यासारखे असावे ही इच्छा साधी आणि रास्त आहे. बर्लिनमध्ये राहणाऱ्या रयूफ अल्हुमैदी या पंधरा वर्षांच्या सौदी मुलीला मोबाइलवर हिजाब घातलेल्या मुलीचे चिन्ह सापडेना, तेव्हा तिने २०१६ मध्ये युनिकोडकडे रीतसर प्रस्ताव पाठवला. २०१७ मध्ये ते चिन्ह आले आणि आज जगभर वापरले जाते. आपल्या मुलीने आपल्या चित्राला ओढणी दिली, तर त्यात तिची ओळख आहे. फक्त फरक तिला समजावून द्यावा. जे चित्र तिच्या स्वतःच्या जागी उभे असते, ते तिने हवे तसे सजवावे. जे तिच्याशी बोलते, तिला सल्ला देते, त्याला घरातल्या माणसाचे रूप देऊ नये. मदतनिसाला दादीचा चेहरा आणि नाव दिले, तर त्याचा चुकीचा सल्लाही दादीचा म्हणून ऐकला जाईल.

म्हणून मदतनिसासाठी जितके साधे रूप, तितके बरे. ज्या घरांत सजीवाचे चित्र टाळतात, त्यांनाही हे सोयीचे आहे. अलेक्साच्या यंत्रावर नुसते निळे कडे उजळते. मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कोपायलटसाठी मीको नावाचे रंग बदलणारे पात्र आणले. तेही नको असेल तर बंद करता येते.

आवाजाकडेही लक्ष द्यावे. बरीच वर्षे असे मदतनीस बाईच्याच आवाजात येत. २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका अहवालाने यावर बोट ठेवले. बाईने नेहमी हुकमाची ताबेदार असावे, ही समजूत अशा आवाजाने पक्की होते, असे त्यात म्हटले होते. २०२१ पासून ॲपलने इंग्रजीतल्या सिरीसाठी आवाज आपणच निवडायचा, अशी सोय केली. घरातला मुलगा दिवसभर बाईच्या आवाजावर हुकूम सोडतो आणि तो आवाज कधी थकत नाही, कधी नाही म्हणत नाही. ती सवय उद्या बहिणीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. आवाज बदलून पाहा, आणि यंत्राशी बोलतानाही नीट बोलायची शिस्त लावा. ही शिस्त यंत्रासाठी नाही, मुलाच्या जिभेसाठी आहे.

या महिन्यात एका संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन बसा आणि मदतनिसाच्या सेटिंग्ज एकत्र उघडा. खात्यावर मुलाचे खरे वय आहे का ते बघा. मायक्रोफोन आणि कॅमेऱ्याची परवानगी गरजेपुरतीच ठेवा. जुनी संभाषणे कुठे साठतात ते शोधा आणि नको असलेली पुसून टाका. पात्राचे कपडे विकत घ्यायला कार्ड किंवा यूपीआय जोडलेले असेल तर काढा. हे झाले की रंगरूपाचे पान मुलांच्या हाती द्या. रंग त्यांनी ठरवावा. घरातले काय सांगायचे आणि काय नाही, ते सगळ्यांनी मिळून, मशवरा करून ठरवावे.