बटण चमकतंय, पण बोलतंय का?

मेहकर म्हटलं की लोकांना शारंगधर बालाजी आठवतो, नाहीतर लोणारचं सरोवर बघायला जाताना लागणारं गाव. माझ्यासाठी मेहकर म्हणजे काकांचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान. तिथल्या कॉम्प्युटरवर अजून फोटोशॉप ७ आहे. २००२ सालचं सॉफ्टवेअर! पण काका म्हणतात, "काम होऊन राह्यलं ना, मंग कायले बदलतं?"

गेल्या सुट्टीत त्यांनी दुकानाची वेबसाईट करायला सांगितली. मी कॉम्प्युटर ब्रँचचा, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. बटणं मात्र त्यांना काचेसारखी हवी होती. पत्रिकेवर सोनेरी अक्षरं चालतात, तर वेबसाईटवर चमक का नको? मलाही पटलं.

काचेचं बटण करणं सोपं आहे. गोल कोपऱ्यांचा आयत घ्या, त्यात ग्रेडियंट भरा. वरच्या अर्ध्या भागावर पांढरा पट्टा टाकून त्याची ओपॅसिटी ३०-४० टक्क्यांवर आणा. कडेला एक पिक्सेलची गडद रेघ, खाली हलकी सावली. झालं! गंमत अशी की आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो. म्हणून वर उजळ, खाली गडद दिसलं की वस्तू फुगीर वाटते. तेच उलटं केलं की खोलगट, म्हणजे दाबल्यासारखी. सपाट स्क्रीनवर 'इथे दाबा' हे न लिहिता सांगायची ही युक्ती. अ‍ॅपलने २००० साली 'अ‍ॅक्वा' दाखवलं, आणि पुढची कित्येक वर्षं जो तो पाण्याच्या थेंबासारखी बटणं करत सुटला.

माझी अडचण झाली ती अक्षरांची. फोटोशॉप ७ मध्ये युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटतात. म्हणून डीटीपीवाले जुने फॉन्ट वापरतात. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. दिसायला 'पत्रिका', पण आत इंग्रजी अक्षरांची खिचडी! आणि बटण सेव्ह केलं की ती खिचडीसुद्धा उरत नाही, उरतं नुसतं चित्र. मी आठ बटणं केली. साधं, माऊस नेल्यावरचं आणि दाबल्यावरचं अशी प्रत्येकाची तीन रूपं, म्हणजे चोवीस चित्रं. रात्री दोन वाजले, पण काका खूश!

सकाळी आबांनी साईट 'पाहिली'. काचबिंदूमुळे त्यांना दिसत नाही. फोन वाचून दाखवतो आणि ते ऐकतात. त्यांनी बटणावर बोट ठेवलं. फोन बोलला, "बीटीएन थ्री न्यू फायनल." माझ्या फाईलचं नाव!

आबा म्हणाले, "काय बोलून राह्यला रे हा? मराठीत नाही केलं काय तू?"

खरं सांगायचं तर, नव्हतंच केलं. मी मराठी लिहिली नव्हती, मराठीचं चित्र काढलं होतं.

आता माझं मत सांगतो. होस्टेलवर सगळे हसले, "काय जुनाट बटणं केलीस!" पण चमकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये आयओएस ७ ने सगळं सपाट केलं आणि २०२५ मध्ये त्याच अ‍ॅपलने 'लिक्विड ग्लास' आणून काच परत आणली. फॅशन फिरत राहते. उलट सगळं सपाट झालं की बटण कुठलं आणि नुसतं शीर्षक कुठलं, हे आमच्या काकूंना कळत नाही. चूक चमकेची नाही, शब्द चित्रात कोंडण्याची आहे. चित्रातला शब्द कॉपी होत नाही, मोठा केला की फाटतो, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तो नसतोच.

२००० च्या दशकात हे करणाऱ्यांना निदान सबब होती. ब्राउझरला गोल कोपरेही धड जमत नव्हते आणि अनेक कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नव्हता. आज आपल्याला कसली सबब? गोल कोपरे, ग्रेडियंट, सावली हे सगळं सीएसएसच्या सात-आठ ओळींत होतं आणि वर खरं युनिकोड मराठी बसतं. चित्र टाकायचंच असेल तर त्याच्या 'ऑल्ट'मध्ये मराठी शब्द लिहायला दहा सेकंद लागतात. आणि पांढऱ्या चमकेवर पांढरी अक्षरं नकोत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका फरक हवा, असं वेबचे सुगम्यतेचे निकष सांगतात.

आपल्या गॅदरिंगची साईट करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की साईट चालू करण्याआधी फोनचं टॉकबॅक लावा, डोळे मिटा आणि एकदा वापरून बघा. सरांनी व्हायवात हा एक प्रश्न टाकला तर आम्हीही सुधारू!

असो. मी चोवीसही चित्रं काढून टाकली आणि तीच काचेची बटणं सीएसएसमध्ये केली. आबांनी पुन्हा बोट ठेवलं. फोन बोलला, "लग्नपत्रिका."

आबा हसले. "हां, आता समजलं. मंग दाबून पाहू काय?"