समुपदेशक की सावजाचा शोध?

बारावीचा निकाल लागला की ग्रामीण महाराष्ट्रात एक नवा पाहुणा दारोदार फिरू लागतो. गळ्यात ओळखपत्र, हातात गुळगुळीत माहितीपुस्तिका आणि डोक्यावर ठरावीक प्रवेशांचे लक्ष्य. त्याच्या पदाचे नाव ‘प्रवेश समुपदेशक’. बहुधा तो नुकताच पदवीधर झालेला, त्याच भागातला, तुटपुंज्या वेतनावरचा तरुण असतो.

हे चित्र एका दिवसात निर्माण झालेले नाही. १९८३मध्ये वसंतदादा पाटील यांच्या काळात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. तेव्हा जागा थोड्या आणि इच्छुक फार होते. देणग्यांचा बाजार इतका माजला की १९८७मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. आज उलट स्थिती आहे. अनेक महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहतात आणि त्या भरण्याचे ओझे या तरुणाच्या खांद्यावर येते.

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातले तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. अशा गावात कारखान्यात किंवा शेतात राबणाऱ्या घरातील पहिलीच मुलगी अभियांत्रिकीच्या उंबरठ्यावर येते, तेव्हा तिच्या आईवडिलांना या पाहुण्याचा शब्द प्रमाण वाटतो. ‘आजच जागा पक्की करा, नंतर मिळणार नाही,’ एवढे वाक्य पुरेसे ठरते.

येथेच खरी हानी होते. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने घेतलेली जागा त्या मुलीला या लाभाला मुकवते. जे शिक्षण विनाशुल्क मिळाले असते, त्यासाठी बाप कर्ज काढतो. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे, हेही त्याला कोणी सांगत नाही.

दोष केवळ त्या तरुणाला देणे अन्यायाचे होईल. ज्याचे वेतन प्रवेशांच्या संख्येवर ठरते, त्याच्याकडून निःस्पृह सल्ल्याची अपेक्षा कशी करावी? संस्थाचालकांनी समुपदेशकाला निश्चित वेतन द्यावे आणि ‘आमचे महाविद्यालय तुमच्यासाठी योग्य नाही’ असे म्हणण्याची मोकळीकही द्यावी. त्या तरुणानेही स्मरण ठेवावे, की समोर बसलेली मुलगी त्याच्याच मातीतली आहे आणि उद्या त्याला त्याच गावात मान वर करून वावरायचे आहे.

सज्जनशक्तीचे कर्तव्य याहून मोठे आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमिलेयर आणि जात पडताळणीची कागदपत्रे निकालापूर्वीच तयार करून घेणे, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना शेजारी बसणे, हे काम कोणताही सुशिक्षित कार्यकर्ता वर्षातील पंधरा दिवस सहज करू शकतो. जेथे आपला माणूस पोहोचत नाही, तेथे बाजार पोहोचतो. निकालाच्या दिवसांत गावोगावच्या उंबरठ्यावर आधी कोण उभे राहणार, हे आपणच ठरवायचे आहे.