टाच हवीच!

मागच्या गॅदरिंगला आमच्या हॉस्टेलची एकांकिका झाली. लिहिली होती मीच. हीरो हर्क्युलसचा वंशज, हातात झ्यूसची वीज, अंगात शंभर माणसांचं बळ. पंधराव्या मिनिटाला मागच्या रांगांतून "चहा, चहा" सुरू झालं!

नंतर मेसमध्ये एकजण म्हणाला, "ग्रीकांची कॉपी मारलीस." रूमपार्टनर म्हणाला, "कॉपीचं काही नाही रे. पण तुझा हीरो हरणार नाही हे पहिल्याच सीनला कळलं. मग बघायचं कशाला?"

आधी कॉपीचं बोलू. जुन्या कथेत भर घालणं हे ग्रीकांच्याच घरचं काम. खरी हेलन ट्रॉयला गेलीच नाही, गेली ती तिची नुसती प्रतिमा, असं नाटक युरिपिडीसने इ.स.पू. ४१२ मध्ये अथेन्सच्या प्रेक्षकांना दाखवलं. अ‍ॅकिलिसच्या टाचेचंच घ्या. 'इलियड'मध्ये ती गोष्टच नाही. तिथे तर भाला हाताला चाटून जातो आणि त्याचं रक्त निघतं. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवलं तरी काहीतरी उणं राहिलं, ही कथा आज आपल्याला प्रथम सापडते ती स्टेशियस या रोमन कवीकडे, म्हणजे होमरनंतर सुमारे आठशे वर्षांनी. पुढच्यांनी भर घातली ती ताकदीची नाही, कच्च्या जागेची. आणि लोकांच्या लक्षात राहिली तीच!

आता रूमपार्टनरचं बोलणं. लहानपणी वाचताना त्याला अक्षरं उलटसुलट दिसायची. शाळेत त्याला 'ढ' म्हणायचे. तो पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचू शकला ते पुस्तक पर्सी जॅक्सनचं. त्याचे लेखक रिक रायर्डन अमेरिकेत शिक्षक होते. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया होता. रोज रात्री त्याला ग्रीक कथा सांगता सांगता साठा संपला, तेव्हा तो म्हणाला, नवीन रचा. त्यातून २००५ साली पहिलं पुस्तक आलं. त्यातल्या पर्सीला इंग्रजी वाचता येत नाही, कारण त्याचं डोकं प्राचीन ग्रीक भाषेसाठी घडलेलं आहे! ज्या गोष्टीवरून पोरं हसतात तीच त्याची देवाच्या घरची खूण. माझ्या शंभर माणसांच्या बळात असं काय होतं?

२०२० मध्ये आलेला 'हेडिज' गेम आपल्यापैकी बरेच जण खेळलेत. नायक झॅग्रियस पाताळातून पळायला निघतो, मरतो, परत बापाच्या दारात येऊन पडतो आणि पुन्हा निघतो. चार वेळा एम-थ्रीला बसलेल्याला तो जवळचा वाटला तर नवल काय?

आपल्याकडेही 'मृत्युंजय' १९६७ पासून हातोहात फिरते आहे. कर्ण जिंकतो म्हणून नव्हे.

म्हणून मित्रांनो, नवी वीरकथा लिहिणाऱ्यांना एकच विनंती. ग्रीकांकडून नावं घ्या, राक्षस घ्या, वीजही घ्या. पण हीरोला आधी एक टाच द्या, आणि ती आपल्या ओळखीच्या कुणाची तरी असू द्या. यंदाच्या एकांकिकेत माझ्या हीरोला वाचता येत नाही. पहिलं वाचन रूमपार्टनरने ऐकलं. चहा मागितला नाही!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी