कढीपत्त्याचा थ्री बीएचके

आईनं दिलेलं कढीपत्त्याचं इवलंसं रोप मी थेट १४ इंची कुंडीत लावलं. म्हटलं, बिचाऱ्याला डायरेक्ट थ्री बीएचके देऊ! महिनाभरात पानं पिवळी. मग मी आणखी पाणी घातलं (हुशार!). शेवटी उपसून पाहिलं, तर मुळं काळी, मऊ. एवढीशी मुळं एवढ्या मातीतलं पाणी पिणार किती? माती ओलीच राहते, हवा मिळत नाही, मुळं कुजतात. तळाशी खडी घातली होती, पण पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडून राहतं. आता सडकी मुळं कापून रोप ६ इंची कुंडीत हलवलंय. मुळांनी ती भरली, की ८ इंची. बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी. काल एक कोंब दिसला. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही.