'एकतर्फी प्रेमातून' हे शब्द छापणं बंद करा

परवा पुन्हा एक बातमी हाताखालून गेली. शेजारच्या तालुक्यातली. 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने वार'. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये तसंच होतं, वार्ताहरानं तसंच पाठवलं, डेस्कवर तसंच लागलं. दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपवर. खाली एकाची कमेंट : 'पोरगं वेडं झालं असेल तिच्यापायी.'

वीस वर्षं या धंद्यात आहे, म्हणून आज आपल्याच लोकांवर लिहितो. राग आला तर येऊ द्या.

एकतर्फी प्रेम असतं की! आपल्यापैकी निम्म्यांनी केलंय. ती नाही म्हणाली, चार दिवस जेवण गेलं नाही, मित्रांनी टिंगल केली, संपलं. कोणी कोयता काढला नाही. मग ज्यानं काढला त्याच्या कृत्याला आपण तोच शब्द का लावतो?

पत्रकारितेच्या डिप्लोमाला शिकवलं होतं, बातमी म्हणजे कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. सगळा घोळ त्या 'का'मध्ये आहे. मुलगी दवाखान्यात, घरचे तिच्या उशाशी. बोलायला ठाण्यात बसलेला आरोपीच असतो. तो म्हणतो, 'साहेब, माझं प्रेम होतं तिच्यावर.' ते जबाबात येतं, तिथून प्रेसनोटमध्ये, तिथून मथळ्यात. त्याचा बचाव आपण वकील लागायच्या आधीच छापून टाकतो. फी न घेता.

मीही छापलाय. काही वर्षांपूर्वी अशीच एक सिंगल कॉलम बातमी माझ्या नावानं गेली. तिसऱ्या दिवशी मुलीचे वडील ऑफिसात आले. ओरडले नाहीत. पेपर टेबलावर ठेवला आणि म्हणाले, 'साहेब, पोरगी त्याच्याशी कधी बोललीसुद्धा नाही. सहा महिने तो एसटी स्टँडवर उभा राहायचा. आम्ही ठाण्यात जाऊन आलो होतो. यात प्रेम कुठनं आलं?' ठाण्यात काय झालं होतं? समज देऊन सोडला होता. मी म्हटलं, दुरुस्ती लावतो. लावली नाही. पुढं कळलं, तिच्या सोयरिकीच्या वेळी कोणीतरी तेच कात्रण दाखवलं. 'प्रेमप्रकरण' होतं म्हणे.

'समज देऊन सोडलं' हे तर वेगळंच प्रकरण. पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा २०१३ पासून आहे. आधी दंड संहितेचं कलम ३५४ ड, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्या वेळी जामीनपात्र, पण गुन्हा तर आहेच ना! प्रत्यक्षात काय होतं, तर तो चहा पिऊन घरी आणि हिचं कॉलेज बंद. शिक्षा झाली, फक्त भलत्याला.

१९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात घुसून मुलीला जाळलं. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकलं. आठवड्यानं ती गेली. आरोपी लग्न झालेला होता. २०२२ मध्ये जन्मठेप झाली. मध्ये तीस वर्षं गेली, आपला मथळा बदलला नाही.

आता दुसरी बाजू. मुलगा दलित असेल तर? २०१४ साली नगर जिल्ह्यात खर्ड्याला सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. निमित्त काय, तर वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलतो. साक्षीदार फिरले, २०१७ मध्ये आरोपी सुटले. अशा बातमीत 'प्रेमप्रकरणातून हत्या' लिहिलं की जात अलगद झाकली जाते. म्हणजे वार करणाऱ्याला प्रेम हा शब्द ढाल म्हणून, आणि जिथं दोन पोरं नुसती बोलली तिथं तोच शब्द खुनाचं कारण म्हणून! गुन्ह्यांच्या सरकारी अहवालातसुद्धा खुनाच्या कारणांत 'प्रेमप्रकरण' हा रकाना आहे. त्यात कोणकोण एकत्र मोजलं जात असेल, विचार करा.

घरातलं तर विचारूच नका. 'किरकोळ कारणावरून पत्नीस मारहाण'. भाजीत मीठ जास्त पडलं हे किरकोळ, मान्य. पण मथळा वाचताना मारहाणही किरकोळ वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी साधारण चारातल्या एकीनं नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. हा पेपर त्यांच्याही घरी जातो.

काही मित्र म्हणतील, शब्द बदलून काय होणार, कोयता थांबणार का? नाही थांबणार. पण स्टँडवर उभा असलेला पुढचा पोरगा पेपर आणि मोबाईल वाचतो. आपण प्रेमवीर आहोत असं त्याला निदान आपण तरी सांगू नये. आणि 'एका हातानं टाळी वाजत नाही' लिहिणाऱ्यांनो, थोबाडीत एकाच हातानं बसते.

तालुक्यातल्या वार्ताहरांना एवढंच सांगणं : 'पाठलाग करणाऱ्याकडून वार' लिहा. 'नकार दिल्यानं हल्ला'सुद्धा नको, त्यात पुन्हा नकारच गुन्हेगार ठरतो. आधी तक्रार झाली होती का, ठाण्यात विचारा आणि पहिल्या परिच्छेदात घ्या.

आणि राहिलेली दुरुस्ती, उशिरा का होईना, इथं लावतो :

माझ्या नावानं प्रसिद्ध झालेल्या बातमीत 'एकतर्फी प्रेमातून' असा उल्लेख होता. तो चुकीचा होता. मुलीचा त्या इसमाशी कोणताही संबंध नव्हता. तो सहा महिने तिचा पाठलाग करत होता. हल्ल्यापूर्वी तिच्या कुटुंबानं पोलिसांत तक्रार केली होती.